मुलाच्या कण्याचं ऑपरेशन योजनेतून: अर्ज अडतो तो फिल्मवर

महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे सरकारची मोफत उपचारांची योजना. तिच्यातून कण्याचं ऑपरेशन करून घ्यायला कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून आईबाप मुलीला मुंबईच्या हॉस्पिटलात आणतात आणि तिथे कळतं, "हा एक्स-रे चालणार नाही." रेशनकार्ड असतं, आधार असतं. अडतं ते एक्स-रेच्या फिल्मवर. म्हणून आधी फिल्मचंच सांगते.

कण्याचा बाक, म्हणजे स्कोलिओसिस, 'कॉब कोना'त, म्हणजे एक्स-रेवर मोजलेल्या बाकाच्या कोनात मोजतात. १० अंशांपासून पुढे तो बाक धरतात. ४५-५० अंशांच्या पुढे साधारणपणे ऑपरेशनचा विचार होतो. झोपवून काढलेल्या एक्स-रेत बाक थोडा सुटतो आणि कोन कमी दिसतो. आपल्याकडे पुष्कळदा छातीचा एक, कमरेचा एक, असे तुकडे मिळतात, तेही झोपवून काढलेले. हवा असतो तो उभ्याने काढलेला, मानेपासून खुब्यापर्यंत सलग, समोरून आणि बाजूने. कमरेच्या हाडाची वरची कड त्यात दिसायलाच हवी, कारण मुलाची वाढ किती उरली याचा अंदाज तिच्यावरून येतो. सलग एक्स-रेची सोय नसेल तिथे काढूच नका. पैसे जातात आणि लेकराला किरणं बसतात ती वेगळीच.

एमआरआय मज्जारज्जूसाठी, सीटी हाडांसाठी: ऑपरेशनमध्ये कुठल्या मणक्यात किती जाडीचा स्क्रू बसेल ते सीटीत दिसतं. सीटीत किरणं जास्त, त्यामुळे सर्जनने लिहून दिल्याशिवाय करू नका.

गेल्या गणपतीतला एक्स-रे यंदा दाखवू नका. वाढत्या वयात बाकही वाढतो.

दुसरी अडचण नावाची. फिल्मवर 'बाबू' आणि आधारवर भलतंच! एक्स-रेच्या चिठ्ठीवर आधारप्रमाणेच नाव आहे ना, हे आत जाण्याआधी वाचा. नुसता रिपोर्ट आणू नका. फिल्म आणि सीडी दोन्ही हव्यात. पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात, मध्ये कोरा कागद घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

बाकी सोपं आहे. योजनेत पिवळं, केशरी, पांढरं, तिन्ही रेशनकार्डं चालतात. मुलाचं नाव कार्डावर नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत आजच अर्ज द्या. शाळेत किंवा अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाची चिठ्ठी असेल तर तीही जोडा. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन यादीत बसतं का, ते १५५३८८ वर विचारून मगच गाडी पकडा.

आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. उसनवारी करून पैसे भरलेत, तर ते बिल नंतर योजनेतून परत मिळत नाही.