नाव काढणारा भगत, नाव झाकणारा शोधक

करणी-भानामतीची गोष्ट आणि तिच्यावर विश्वास न ठेवणारा हौशी शोधक, असा रहस्यकादंबरीचा घाट घालायचा तर नागपूरला बाहेरून काही आणावं लागत नाही. १९५६ पर्यंत हे मध्य प्रांताच्या, पुढे मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर. छत्तीसगडची टोनही, म्हणजे चेटकीण, आणि चांद्याकडचा (आजच्या चंद्रपूरकडचा) पुजारी, दोघांचा मुलूख इथूनच चाले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ मध्ये जे चार खंड काढले, त्यांत चेटकाच्या समजुती जागोजाग नोंदल्या आहेत. खुद्द शहराची रीत मात्र निराळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर होतो आणि रोगराईचं खापर पुतळ्यावर फोडून तो जाळला जातो. शेजारणीवर ते फुटत नाही.

शेजारणीवर फोडण्याचं काम भगताचं. लेकरू आजारी पडलं, गाय आटली की लोक त्याच्याकडे ‘नाव काढायला’ जातात. तो बहुधा पूर्ण नाव घेतच नाही. दिशा सांगतो, नात्याकडे बोट दाखवतो. पुढचं गाव जुळवतं.

याला उत्तर देणारी चळवळही इथलीच. श्रीलंकेतल्या अब्राहम कोवूर यांच्या ‘चमत्कार सिद्ध करून दाखवा’ या लाख रुपयांच्या आव्हानाने भारतातल्या विवेकवाद्यांना वाट दिली होती. १९८२ मध्ये श्याम मानव यांनी नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. १९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती वेगळी काढली. या मंडळींनी भानामतीचा तपास करण्याची जी पद्धत बसवली, ती कुठल्याही गुप्तहेरकथेइतकी कसलेली आहे. दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते. मंत्र-तंत्राचा विचार बाजूला ठेवून पहिला प्रश्न असतो: प्रत्येक प्रकाराच्या वेळी घरात कोण होतं? मग सगळ्यांची एकेकटी चौकशी. सगळ्यांवर एकाच वेळी नजर ठेवली की दगड थांबतात. कुलपातलं कापड जळालं तर किल्ली कुणाकडे होती ते पाहायचं. धागा बहुतेकदा घरातल्याच दबलेल्या माणसापाशी पोचतो: सासुरवाशीण, नाहीतर शाळकरी मुलगी. तिचं नाव जाहीर करत नाहीत, तिला उपचाराकडे नेतात. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून बोट दाखवणारा शोधक इथे भगताचंच काम करून बसेल.

साहित्य साधं असतं. पोटॅशियम परमँगनेटच्या चमचाभर बारीक पुडीवर ग्लिसरीनचे काही थेंब पडले की काही सेकंदांनी ती आपोआप पेट घेते. कण जाड असले, ग्लिसरीनमध्ये पाणी असलं किंवा डिसेंबरची थंडी असली तर वेळ लागतो, कधी नुसताच धूर होतो. हीच उशिराची पेट मांत्रिकाला हवी असते, कारण तोवर त्याचा हात लांब गेलेला असतो. मात्र जळालेल्या जागी तपकिरी राख राहते आणि बोटांवरचा तपकिरी डाग साबणाने सहजी जात नाही. कादंबरीकाराला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

लिंबातून रक्त काढायला जास्वंदीची पाकळी चाकूच्या पात्यावर घासून वाळवतात. लिंबाच्या आंबट रसाने तो थर लाल होतो. थर पातळ असला तर नुसती गुलाबी झाक येते आणि फजिती होते. पकडायचं असेल तर लिंबू बदलून काहीच साधत नाही, चाकू आपला द्यावा.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदा मंजूर झाला. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. अनुसूचीत गावच्या भाषेतले आरोप जसेच्या तसे आहेत: अमका करणी करतो, मंत्राने गुरांचं दूध आटवतो असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं हाच गुन्हा. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी खुर्द इथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना चौकात बांधून मारलं, त्यांत वृद्ध आणि बायका होत्या. कायद्यातला दक्षता अधिकारी किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा लागतो. कथेतल्या शोधकाने आपली टिपणं द्यायची ती त्याच्याकडे.