गॉडझिला नेमका कुठे उभा होता? जपानी राक्षसपटांच्या जागा पाहण्यामागची पार्श्वभूमी

मिए प्रांतात, इसेच्या देवस्थानापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, तोबा शहराच्या हद्दीत इजिका हे कोळ्यांचं गाव आहे. समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायकांसाठी हा किनारा पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो. 1954 च्या उन्हाळ्यात टोकियोहून पहिल्या 'गॉडझिला' चित्रपटाचं पथक इथे आलं आणि पडद्यावर या गावाचं 'ओदो बेट' झालं. गर्दीत धावणारे बरेचसे लोक इथलेच गावकरी. ज्या टेकडीआडून गॉडझिलाचं डोकं पहिल्यांदा वर येतं, ती टेकडीही इथलीच. डोकं तेवढं मागाहून फिल्मवर जोडलं गेलं.

काइजू म्हणजे महाकाय राक्षसांच्या चित्रपटांच्या जागा पाहत फिरणाऱ्यांसाठी याहून भक्कम जागा नाही. कॅमेरा इथे होता, नट इथे होते, पळणारी माणसंही इथलीच होती. तरी 'गॉडझिलाच्या जागा' म्हटलं की बहुतेक जण टोकियोतल्या गिन्झाकडे वळतात. गिन्झाच्या ज्या चौकात लोक फोटो काढतात, तिथे गॉडझिलाच्या पोशाखातला माणूस कधी चाललाच नाही. तो चालला स्टुडिओत, प्लास्टरच्या गिन्झातून. या छंदाचा सगळा इतिहास या फरकाभोवती फिरतो, म्हणून आधी शब्दांकडे पाहायला हवं.

आपण मराठीत सरळ 'शूटिंगची जागा' किंवा 'लोकेशन' म्हणतो आणि विषय संपतो. जपानीत तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगळे. 'रोकेची' म्हणजे जिथे प्रत्यक्ष चित्रण झालं ती जमीन. यातलं 'रोके' हा 'लोकेशन'चाच तुकडा. 'बुताई' म्हणजे रंगमंच, कथा जिथे घडते ती जागा. तिसरा शब्द 'सेइची', पवित्र भूमी. त्यावरून 'सेइची जुनरेई' म्हणजे पवित्र भूमीची यात्रा. साइगोकूच्या 33 देवळांच्या यात्रेलाही 'जुनरेई'च म्हणतात, त्यामुळे या शब्दाला जपानी कानांत आपल्या 'वारी'सारखं वजन आहे. अॅनिमेशनच्या चाहत्यांनी तो 2000 नंतर आपलासा केला, आणि 2016 मध्ये तो वर्षातल्या गाजलेल्या दहा शब्दांच्या यादीत जाऊन बसला.

काइजू चित्रपटांना या तिन्हींपैकी एकही शब्द नीट बसत नाही. इजिका ही रोकेची आहे, पण बुताई नाही, कारण ओदो बेट काल्पनिक आहे. गिन्झा बुताई आहे, पण तिथली तोडफोड तिथे चित्रित झालेली नाही. आणि चौथा एक प्रकार आहे, ज्याला नावच नाही: जिची प्रतिकृती बनवली गेली ती खरी इमारत. पहिल्या चित्रपटासाठी कलाविभागाची माणसं शहरात हिंडली, इमारतींचे फोटो काढले, मापं घेतली, आणि त्यावरून मूळच्या एक पंचविसांश आकाराचं शहर उभं केलं. गिन्झातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर उभं राहून पथकातली मंडळी 'इथून चालत येईल, तिथे आग लागेल' असं मोठ्याने ठरवत होती. ते कानावर पडून लोकांना संशय आला आणि त्यांना हटकण्यात आलं. हा किस्सा जपानी चाहत्यांमध्ये तोंडपाठ आहे. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांना जेमतेम नऊ वर्षं झालेल्या शहरात असं बोलणं ऐकून कुणाचाही थरकाप उडाला असता.

मग ती गच्ची लोकेशन म्हणायची की नाही? कडक मताचे लोक म्हणतात, नाही: फिल्मवर जी जागा उमटली तीच खरी. त्या हिशेबाने जुन्या काइजू चित्रपटांच्या यादीत काही कोळीवाडे, काही डोंगर, एखादं बेट आणि पळणाऱ्या माणसांचे थोडे रस्ते एवढंच उरतं. मला हे पटत नाही. ज्या जागेवर उभं राहून कुणी तरी नजर लावून पाहिलं, मापलं, आणि मग हातांनी ती जागा पुन्हा बांधली, ती जागा त्या चित्रपटाची आहेच. कॅमेरा नुसता नेऊन ठेवण्यापेक्षा यात मेहनत कितीतरी जास्त आहे. या लेखात मी 'स्थळ' हा शब्द याच सैल अर्थाने वापरते आहे.

या सैल अर्थाने पाहिलं तर 1954 ची वाट अजून पायी चालता येते. शिनागावाजवळ यात्सुयामा पूल आहे. तिथे गॉडझिला रेल्वेमार्गावर येतो आणि आगगाडी त्याच्या पायावर आदळते. आज दिसणारा पूल नंतर बांधलेला आहे, पण खालून रूळ तसेच जातात. गिन्झाच्या चौकातली घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत 1932 ची, आणि ती आजही तशीच उभी आहे. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने ती आपल्या दुकानासाठी ताब्यात घेतली होती, आणि ती परत मिळाली 1952 मध्ये. म्हणजे पडद्यावर तिचा मनोरा मोडला तेव्हा ती आपल्या माणसांच्या हातात येऊन दोनच वर्षं झाली होती. पुढे सुमिदा नदीवर काचिदोकी पूल. 1940 साली बांधलेला हा पूल जहाजांसाठी मधोमध उघडायचा. गॉडझिला तो उलथवून समुद्रात परत जातो. 1970 नंतर तो उघडलेला नाही, पण पूल शाबूत आहे आणि शेजारी त्याचं छोटंसं संग्रहालयही आहे.

ज्या गोष्टी उरल्या नाहीत त्यांची यादी याहून मोठी आहे. युराकुचोचं निचिगेकी नाट्यगृह 1933 साली उघडलं. गॉडझिलाने ते शेपटीने फोडलं, पण प्रत्यक्षात ते पाडलं 1981 नंतर पुनर्विकासाने. त्या जागी 1984 च्या शरद ऋतूत काचेचं मोठं संकुल उभं राहिलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आलेल्या नव्या चित्रपटात गॉडझिला त्या काचेतही दिसला. एकाच जागेवर तीस वर्षांच्या अंतराने दोन इमारती, आणि दोन्ही त्याच्या वाटेत. पहिल्या चित्रपटात पेटणारं मात्सुझाकाया हे डिपार्टमेंट स्टोअर 2013 मध्ये बंद झालं आणि 2017 मध्ये तिथे नवं संकुल उघडलं.

इथे उंचीचा मुद्दा सांगायलाच हवा, कारण या चौकात उभं राहिल्यावर तोच सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. मूळ गॉडझिला 50 मीटर उंच. त्या काळात टोकियोत इमारतींना 31 मीटरची मर्यादा होती, त्यामुळे तो सगळ्या छपरांच्या वर दिसायचा. अपवाद संसद भवनासारख्या मोजक्या वास्तूंचा: त्याचा मनोरा 65 मीटरचा. साठच्या दशकात ही मर्यादा शिथिल झाली आणि शिंजुकूत गगनचुंबी इमारती आल्या. म्हणून 1984 मध्ये गॉडझिलाला 80 मीटरचं व्हावं लागलं, आणि 1991 मध्ये 100. तरी त्या वर्षी त्याने पाडलेलं टोकियो महानगर प्रशासनाचं नवंकोरं भवन 243 मीटर उंच होतं. गिन्झात मात्र वेगळंच घडलं. 1998 मध्ये तिथल्या मुख्य रस्त्यांवर 56 मीटरची मर्यादा ठरली. पुढे एका जुन्या दुकानाच्या जागी गगनचुंबी इमारत उभारायची योजना आली, तेव्हा स्थानिक दुकानदार आणि रहिवासी विरोधात उभे राहिले, आणि 2006 मध्ये ती मर्यादा पुन्हा पक्की झाली. त्या लोकांच्या डोक्यात गॉडझिला नव्हता, त्यांना आपल्या रस्त्यावर पडणारं ऊन आणि आपल्या वस्तीचा तोल हवा होता. पण त्यांच्या भांडणाचा फायदा आपल्याला झाला: 1954 चा 50 मीटरचा प्राणी आजही त्या चौकात उभा राहिला तर छपरांच्या रांगेबरोबर येईल. टोकियोत दुसरीकडे कुठेही असा अंदाज बांधायला डोळे मिटावे लागतात.

टोकियोबाहेरच्या स्थळांमध्ये किल्ले पुढे आहेत. 1955 मध्ये ओसाकाचा, 1962 मध्ये आतामीचा, 1964 मध्ये नागोयाचा. यातला एकही बुरूज पडद्यावर पडला तेव्हा खऱ्या अर्थाने जुना नव्हता. ओसाकाचा मुख्य बुरूज 1931 साली काँक्रीटमध्ये बांधलेला. आतामीचा किल्ला 1959 मध्ये निव्वळ पर्यटकांसाठी उभा केला, त्याआधी तिथे किल्ला नव्हताच. नागोयाचा मूळ लाकडी बुरूज 1945 च्या हवाई हल्ल्यात जळला आणि काँक्रीटचा आला 1959 मध्ये. पाच वर्षांनी गॉडझिलाने तो पाडला, तेव्हा शहरातल्या अनेकांनी आपला खरा बुरूज जळताना डोळ्यांनी पाहिलेला होता. भूकंपात धोका आहे म्हणून हा काँक्रीटचा बुरूज 2018 पासून आतून बंद आहे. त्या जागी पुन्हा लाकडाचा बांधायचा की नाही, यावर वाद चालू आहे. चाहते सध्या तो बाहेरून पाहून घेतात. त्याच चित्रपटातला नागोयाचा 180 मीटर उंच टीव्ही मनोरा 1954 चा, म्हणजे गॉडझिलाच्याच वयाचा. तो 2022 पासून राष्ट्रीय पातळीवरचा संरक्षित वारसा आहे.

क्यूशूतला साइकाई पूल थोड्या शब्दांत सांगते: 1955 ला खुला झाला, 1956 मध्ये रोदान या उडणाऱ्या काइजूने पडद्यावर तोडला, आणि अजून वापरात आहे. पुलाखालून भरती-ओहोटीचे भोवरे दिसतात, त्यासाठी तरी जावं.

इझू ओशिमा बेटावरचा मिहारा ज्वालामुखी वेगळ्या कारणाने मनात राहतो. 1984 च्या चित्रपटाच्या शेवटी गॉडझिलाला आमिष दाखवून त्याच्या मुखात पाडतात. नोव्हेंबर 1986 मध्ये मिहाराचा खराखुरा उद्रेक झाला आणि बेटावरच्या सुमारे 10,000 माणसांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ते महिनाभराने परतले. आज शिखराकडे जाणाऱ्या वाटेवर लाव्हाचा एक खडक 'गॉडझिला खडक' म्हणून दाखवतात. तिथे फोटो काढताना या दोन गोष्टींमधलं अंतर दोनच वर्षांचं आहे हे लक्षात ठेवावं.

हा छंद पर्यटन म्हणून वाढला तो अलीकडे. आधी व्हिडिओ कॅसेट आली, चित्र थांबवून मागची पाटी वाचता येऊ लागली. मग 2000 मध्ये ओसाका, कोबे, योकोहामा अशा शहरांनी चित्रणासाठी मदत करणाऱ्या संस्था काढल्या, आणि कुठे काय चित्रित झालं हे शहरंच सांगू लागली. त्यापाठोपाठ पुतळ्यांची चलती झाली. हिबियात 1995 पासून एक छोटा पुतळा होता, 2018 मध्ये चौकात त्याच्या जागी नव्या रूपाचा आला. 2015 मध्ये शिंजुकूत एका चित्रपटगृहाच्या इमारतीवर गॉडझिलाचं भलंमोठं डोकं बसवलं आणि त्या प्रभागाने त्याला पर्यटनदूत नेमलं. ही डोकी आणि पुतळे आता पाहण्याच्या जागांच्या प्रत्येक यादीत वर असतात, आणि मला ते खुपतं. त्या डोक्यामागे ना चित्रण आहे, ना प्रतिकृतीसाठी घेतलेलं माप. शिंजुकूला जाऊन आलेला माणूस 'पाहिलं' म्हणतो आणि इजिकाची बस पकडत नाही.

योकोसुकाचं उदाहरण मात्र मी पुतळ्यांमध्ये मोजत नाही. पहिला गॉडझिला कानोनझाकीच्या बाजूने किनाऱ्याला लागला अशी तिथली समजूत. त्यावरून 1958 मध्ये तातारा किनाऱ्यावर गॉडझिलाच्या आकाराची घसरगुंडी उभी राहिली. खारा वारा खाऊन ती झिजली आणि 1973 मध्ये काढली गेली. तिच्यावरून घसरलेली मुलं मोठी झाली, आणि 1999 मध्ये जवळच्या कुरिहामाच्या बागेत नवी घसरगुंडी आली. चित्रपटात गॉडझिला तिथे दिसो न दिसो, चार दशकं मुलांनी ज्याचा ध्यास घेतला ते स्थळच आहे.

2016 च्या चित्रपटाने शब्दांचा गुंता पुन्हा उलटा केला. गॉडझिला आता 118.5 मीटरचा आणि संगणकावर बनलेला, पण मागचं शहर बव्हंशी खरं चित्रित केलेलं: कामाताची नोमिगावा नदी, कामाकुराचा किनारा, मुसाशी-कोसुगीचे मनोरे, तामा नदीवरचे पूल. म्हणजे प्राणी तिथे नव्हता, कॅमेरा होता. कडक मताच्या लोकांनाही ही जागा मान्य करावी लागली, आणि नव्या चाहत्यांची पहिली फेरी आता बहुधा तामा नदीच्या काठानेच होते. 2023 मध्ये काटा परत फिरला. 1947 चं गिन्झा, त्यातलं निचिगेकी, सगळं नव्याने निर्माण केलं गेलं, आणि त्या दृश्यपरिणामांना ऑस्करही मिळालं. ती जागा पाहायला जायचं तर युराकुचो स्टेशनबाहेर 1984 च्या त्याच काचेसमोर उभं राहावं लागतं.

एक जागा या याद्यांमध्ये क्वचित असते, आणि मी ती पहिली ठेवते. टोकियोत युमेनोशिमा इथे लाकडी मासेमारी नौका 'दाइगो फुकुर्यू मारू' 1976 पासून एका दालनात ठेवलेली आहे. 1 मार्च 1954 रोजी बिकिनी बेटाजवळच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख तिच्यावरच्या 23 खलाशांवर पडली. त्यातला एक जण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. चित्रपट 3 नोव्हेंबरला लागला, आणि त्याची सुरुवातच समुद्रावरच्या झगझगीत प्रकाशाने आणि बुडणाऱ्या बोटीने होते. ही नौका चित्रित झालेली नाही, तिची प्रतिकृतीही पडद्यावर नाही. पुढे ती प्रशिक्षणासाठी वापरली गेली, मग भराव टाकून केलेल्या त्या जमिनीवर कचऱ्यात सोडून दिली गेली, आणि सामान्य लोकांनी आवाज उठवला म्हणून वाचली. दालनात शिरलं की तिचा गडद लाकडी सांगाडा अगदी जवळून, मान वर करून पाहावा लागतो.