बुगाटी टाइप ३५ : जाणकारांची पारख

फ्रान्सच्या अल्सेस प्रांतातील मोल्सहाइम या गावी एत्तोरे बुगाटी (१८८१–१९४७) यांच्या कारखान्यात १९२४ पासून तयार झालेली शर्यतीची मोटार. सर्व उपप्रकार धरून अशा सुमारे ३४० गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या कित्येक मोडल्या, जळाल्या किंवा सुट्या भागांसाठी खोलल्या गेल्या. उरलेल्या गाड्यांभोवती जाणकारांचा एक जागतिक गोतावळा उभा राहिला असून ही गाडी कशी पाहावी, कशी चालवावी आणि खरी कशी ओळखावी याची रीत त्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः या पारखीविषयी आहे.

गाडी देखणी आहेच. घोड्याच्या नालेच्या आकाराचा रेडिएटर, फिकट निळा रंग आणि मागे निमुळते होत गेलेले शेपूट कुणाच्याही डोळ्यांत भरते. जाणकार मात्र रंगाकडे शेवटी वळतो. एकेका भागाकडून दोन-दोन, तीन-तीन कामे करून घेण्याची बुगाटींची हातोटी हीच या गाडीची खरी गोडी आहे. उदाहरणार्थ, मागच्या निमुळत्या शेपटात पेट्रोलची टाकी बसते. चासीचे (गाडीच्या सांगाड्याचे) पोलादी गज सगळीकडे सारख्या उंचीचे नाहीत. जिथे भार जास्त तिथे ते रुंदावतात, पुढे-मागे निमुळते होतात आणि वरचा पत्रा त्यांच्याच रेषेने जातो.

ही हातोटी सर्वांत स्पष्ट दिसते ती चाकात. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांना तारांच्या आऱ्यांची चाके असत. बुगाटींनी आठ चपट्या, रुंद आऱ्या आणि ब्रेकचा ड्रम ॲल्युमिनियमच्या एकाच ओतकामात आणला. मधली नट सोडवून चाक ओढले की ड्रमही त्याच्यासोबत निघून येतो आणि ब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणारे भाग) उघडे पडतात. टायर बदलण्यासाठी गाडी थांबली की तेवढ्यात शूची झीज नजरेखालून जाते, वेगळा वेळ मोडत नाही. रुंद आऱ्या ड्रमची उष्णता शोषून हवेत सोडतात. या चाकाचा दोषही त्याच्या ओतकामातच आहे. शंभर वर्षांचे ॲल्युमिनियम थकते आणि आरी जिथे ड्रमला मिळते त्या कोपऱ्यात केसासारखे तडे जातात. तडा रंगाखाली लपत असल्यामुळे चाक रंगवलेले असेल तर जाणकार आधी रंग काढायला लावतो, मग तड्यात झिरपून तो उघड करणाऱ्या भेदक रंगद्रव्याची चाचणी आणि शक्य असल्यास क्ष-किरण तपासणी करवतो. दुसरा दोष ड्रममधल्या लोखंडी अस्तराचा. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे लांब उतारावर ब्रेक तापले की अस्तर सैल पडू शकते. म्हणूनच पुष्कळ मालक मूळ चाके जपून ठेवतात आणि शर्यतीसाठी नव्याने ओतलेली वापरतात. यात काही गैर नाही. मूळ चाके फेकून दिली तर मात्र हळहळ वाटते.

चाकानंतर नजर पुढच्या आसावर जाते. हा आस घडीव पोलादाचा असून आतून पोकळ आहे. पाट्यांच्या स्प्रिंगा त्याच्या वरून किंवा खालून जात नाहीत, आसातच ठेवलेल्या चौकोनी खिडक्यांतून आरपार जातात. इतका गुंतागुंतीचा भाग पोकळ घडवणे हे भट्टीवरच्या कारागिराच्या कौशल्याची परिसीमा होती. अपघातात वाकलेला पोकळ आस भरीव आसासारखा सरळ करता येत नाही, कारण सरळ करताना त्याची भिंत आत चेपते. म्हणून खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना हलका बसकेपणा आहे का, दोन खिडक्यांमधली रेघ सरळ आहे का, हे डोळा आसाच्या पातळीला आणून पाहतात.

इंजिन आठ सिलिंडरचे, एका ओळीत. चार-चार सिलिंडरांचे दोन ओतीव ठोकळे एका क्रँककेसवर (क्रँकशाफ्टच्या पेटीवर) बसतात. सिलिंडरचा व्यास ६० मिमी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८ मिमी., क्षमता १,९९१ घ.सेंमी. प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असतात, दोन आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा. सर्वांवर मिळून एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा). सिलिंडरहेड वेगळे नाही, ते ठोकळ्यातच ओतलेले आहे. त्यामुळे हेड गॅस्केट फुटण्याचा प्रश्नच उरत नाही. पण व्हॉल्व्ह घासून बसवायचे तर अख्खा ठोकळा पिस्टनवरून उचलावा लागतो. ठोकळ्यातल्या पाण्याच्या वाटा गंजाने बुजल्या तर व्हॉल्व्हांभोवती उष्णता साठून बीड तडकते. विकत घेताना पाण्याचा दाब देऊन ठोकळा तपासला नाही तर पुढचा खर्च गाडीच्या रंगकामालाही मागे टाकतो.

खरी नजाकत क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरतीत बदलणाऱ्या दांड्यात आहे. तो तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला असून त्याची पाचही मुख्य बेअरिंगे आणि कनेक्टिंग रॉडांची (पिस्टनना त्याच्याशी जोडणाऱ्या दांड्यांची) मोठी टोके बॉल किंवा रोलरवर फिरतात. कनेक्टिंग रॉड अखंड आहेत, त्यांना सुटी टोपी नाही. म्हणून एक रोलर बदलायचा असला तरी सबंध क्रँकशाफ्ट खोलून, पुन्हा जुळवून, सरळ रेषेत आणावा लागतो. हे काम नीट करणारी माणसे जगात मोजकीच आहेत. याच कारणाने कारखान्याने साध्या बेअरिंगांची, तारांच्या चाकांची स्वस्त ३५ए काढली. तिला लोकांनी नकली मोत्यांच्या एका प्रसिद्ध पेढीवरून ‘टेक्ला’ असे नाव पाडले. आज तीही दुर्मीळ आहे आणि रोज चालवायला तीच सोयीची, हे तिच्या नावाला हसणाऱ्यांनीही मान्य करावे.

इतर उपप्रकारांची ओळख थोडक्यात अशी : ३५टी मध्ये स्ट्रोक १०० मिमी. करून क्षमता २,२६२ घ.सेंमी. झाली. ३५सी म्हणजे मूळ क्षमतेला रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप). ३५बी मध्ये मोठी क्षमता आणि सुपरचार्जर दोन्ही. सुपरचार्जरच्या गाडीत बॉनेटच्या बाजूला दाब सोडणाऱ्या झडपेसाठी एक गोल भोक असते. ते नुसते भोक म्हणून पाहू नये. मागे झडप खरोखर आहे का, हेही बघावे.

इंजिनाचे तेल एरंडेलाचे. आपल्याकडे पोट साफ करण्यासाठी ठाऊक असलेले हे तेल रोलर बेअरिंगांवर घट्ट चिकटून राहते आणि पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. जळल्यावर त्याला येणारा गोडसर, जडसा वास ज्याने एकदा घेतला त्याला ही गाडी दिसण्यापूर्वीच कळते. मात्र एरंडेलात खनिज तेल कधीही मिसळू नये. दोन्ही नीट एकजीव होत नाहीत आणि बारीक वाटांत डिंकासारखा थर धरतो. तेल बदलायचे ठरवले तर इंजिन खोलून धुणे भाग आहे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तरी एरंडेल चिकट होते. म्हणून ही गाडी काचेमागे ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेली बरी असते. तळाच्या तेलपात्रातून पुढून मागे आरपार नळ्या जातात. धावताना त्यांतून हवा वाहते आणि तेल थंड राहते. या नळ्यांत बसलेला चिखल साफ करायला लोक विसरतात.

सुरू करण्याची रीतही पारखीचाच भाग मानली जाते. टाकीतले पेट्रोल हवेच्या दाबाने पुढे येते, त्यामुळे आधी डॅशबोर्डवरच्या हातपंपाने दाब भरायचा. शर्यतीत हे काम शेजारी बसलेला मेकॅनिक करीत असे. मग मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या यंत्राची) ठिणगी मागे घ्यायची, म्हणजे ती उशिरा पडेल असे करायचे. मॅग्नेटो कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावर असून डॅशबोर्डमधून थेट चालकासमोर डोकावतो. ठिणगी पुढेच राहिली तर हँडल उलटा फटका देते, म्हणून हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही. सुपरचार्जरच्या गाडीला आधी ‘मऊ’ स्पार्क प्लग लावून गरम करतात आणि शर्यतीपूर्वी ‘कडक’ प्लग बसवतात. कडक प्लगवरच थंड इंजिन चालवले तर ते तेलाने भरतात. पाणी गरम झाले म्हणून निघायचे नाही, तेल गरम होईपर्यंत थांबायचे. थंड एरंडेल इतके दाट असते की रोलर फिरण्याऐवजी घसरतात आणि त्यांना सपाट डाग पडतात. असे डाग पुढे सबंध क्रँकशाफ्ट खोलायला लावतात.

क्लच अनेक चकत्यांचा, तेलात बुडालेला. त्यातले तेल रॉकेल घालून पातळ करतात. जास्त दाट राहिले तर चकत्या सुटत नाहीत आणि गिअर करकरतो. जास्त पातळ झाले तर क्लच घसरतो. प्रमाण हवामान पाहून ठरवावे लागते. गिअरचा दांडा उजवीकडे, गाडीच्या बाहेर. ब्रेक चारही चाकांना, तारांनी ओढले जाणारे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर चारही चाके उचलून, पेडल थोडे दाबून, प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहतात. आवाज वेगळाच आहे. रोलरांची घरघर आणि सरळ दातांच्या गिअरांचा सूर यांवर धुराड्याचा कोरा मांजरपाट फाडल्यासारखा चर्रकन आवाज.

पदार्पण फसले. ३ ऑगस्ट १९२४ रोजी ल्याँ येथील ग्रांप्रीत टायरांचे रबर सुटून गाड्या मागे पडल्या आणि सातव्या व आठव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. नंतर मात्र सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही डोंगरी शर्यत बुगाटींनी १९२५ ते १९२९ सलग पाच वेळा जिंकली. १९२८ साली तिथेच चेक चालक एलिश्का युन्कोव्हा ३५बी घेऊन काही काळ आघाडीवर होत्या आणि पाचव्या आल्या. सुमारे १०८ कि.मी. लांबीचा तो वळणावळणांचा रस्ता त्यांनी आधी बारकाईने पाहून पाठ केला होता. १९२९ ची पहिली मोनॅको ग्रांप्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनी हिरव्या ३५बी वर जिंकली. पुढच्या वर्षी रने द्रेफ्यूस यांनी शेजारच्या जागी जादा टाकी बसवली, पेट्रोलसाठी थांबणे टाळले आणि कारखान्याच्या चमूला हरवले. रिकामे आसन बिनकामाचे राहू द्यायचे नाही, हा विचार गाडीच्याच स्वभावाला धरून होता.

अस्सलपणाचा प्रश्न यात सर्वांत नाजूक. चासी, क्रँककेस, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांवर क्रमांक ठोकलेले असतात. ते कारखान्याच्या नोंदींशी आणि एकमेकांशी जुळवून पाहतात. शर्यतीच्या गाड्यांचे भाग त्याच काळात अदलाबदल होत, त्यामुळे न जुळणारा क्रमांक म्हणजे फसवणूकच असे नव्हे. केव्हा आणि कशासाठी बदलला याची साखळी मिळाली पाहिजे. आज अर्जेंटिनात हुबेहूब नव्या गाड्या बनतात आणि त्या कारागिरीत उत्तम असतात. त्या नव्या म्हणूनच विकल्या-घेतल्या तर कुणाचीच तक्रार नाही. जुन्या गाडीचे एक-दोन भाग घेऊन उरलेली नवी गाडी जुन्या क्रमांकावर खपवणे मात्र अक्षम्य आहे. डोळ्याला पटकन कळणारी खूण म्हणजे ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग. इंजिनचे सपाट भाग हाताने खरवडून, तर डॅशबोर्डचा पत्रा गोल-गोल ठशांच्या नक्षीने पूर्ण केलेला असे. बफ मारून आरशासारखे चकचकीत केलेले इंजिन दिसले की समजावे, खरवडीच्या खुणा कायमच्या गेल्या. पत्र्यांचे बोल्ट तारेने बांधलेले असतात, तारेचा पीळ बोल्ट आवळण्याच्या दिशेने ओढणारा हवा.

गाड्या पाहायच्या तर फ्रान्समधील म्युलूझ येथे श्लुम्फ बंधूंच्या संग्रहातून उभे राहिलेले राष्ट्रीय मोटार संग्रहालय आहे. धावताना पाहायच्या तर इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरचा प्रेस्कॉट घाट. बुगाटी ओनर्स क्लबने (स्थापना १९२९) ही जागा १९३७ मध्ये घेतली आणि पुढच्या वर्षापासून तिथे चढणीच्या शर्यती होतात.

चढण संपवून गाडी परतली की आधी टाकीची झडप उघडून हवेचा दाब सोडतात. दाब राहिला तर कार्ब्युरेटरच्या सुईशेजारून पेट्रोल झिरपत राहते, सुपरचार्जरमध्ये साचते आणि सिलिंडरांच्या भिंतींवरचे एरंडेल हळूहळू धुऊन नेते.