बलस्थानाधारित बालशुश्रूषा

जन्मापासून शाळेच्या उंबरठ्यापर्यंतच्या मुलांची आणि त्यांच्या कुटुंबांची आरोग्यसेवा करताना, काय कमी आहे हे मोजण्याबरोबरच त्या बाळात, आईवडिलांत व घरात काय नीट चालले आहे हे हेरून त्यावर सल्ला आणि मदत उभी करणाऱ्या शुश्रूषापद्धतीला बलस्थानाधारित बालशुश्रूषा म्हणतात. इंग्रजीत ती ‘स्ट्रेंग्थ्स-बेस्ड केअर’ या नावाने ओळखली जाते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा व ब्रिटन या देशांत घरोघरी जाणाऱ्या बाल व कुटुंब आरोग्य परिचारिकांच्या कामात ही संज्ञा रुळली आहे. बाळंतिणीचे कौतुक करणे म्हणजेच ही पद्धत, असा समज सर्रास आढळतो. तो अपुरा आहे, कारण या पद्धतीचा खरा भार कौतुकावर नसून निरीक्षणावर आहे.

या विचाराचे वेगळेपण कळण्यासाठी त्याआधीची रीत पाहावी लागते. न्यूझीलंडमध्ये १९०७ साली ट्रूबी किंग या डॉक्टरांच्या पुढाकाराने प्लंकेट संस्था स्थापन झाली आणि तिच्या परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. घड्याळाच्या काट्यावर स्तनपान, ठरावीक झोप आणि बाळाला फारसे कडेवर न घेणे, असा त्या काळचा दंडक होता, आणि तो ऑस्ट्रेलियातील मातृगृहांतही पोहोचला. बालमृत्यू रोखण्याची त्यामागची तळमळ खरी होती; परंतु जाणकार ती परिचारिका आणि आज्ञा पाळणारी ती आई, अशी वाटणी त्यात गृहीत होती. पुढे वजनाचा तक्ता, लसीकरणाची नोंद आणि जोखमीच्या बाबींवर खुणा करण्याचे फॉर्म आले. ही साधने आवश्यक असली तरी त्यांतील बहुतेक रकाने उणिवा टिपण्यासाठी आखलेले असतात, त्यामुळे पाच वर्षे एका घरात ये-जा करूनही त्या घराला काय जमते याची एकही ओळ कागदावर न येणे शक्य होते.

बलस्थानांचा विचार शुश्रूषेत दोन वाटांनी आला. एक वाट समाजकार्याची. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९८०च्या दशकात, दीर्घकाळ मानसिक आजार असलेल्या व्यक्तींबरोबर काम करताना, रोगलक्षणांऐवजी त्या व्यक्तीच्या इच्छा, कौशल्ये व नातीगोती यांपासून सुरुवात करण्याचा प्रयोग झाला. डेनिस सॅलीबी यांनी १९९२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने त्याला सैद्धांतिक रूप दिले. दुसरी वाट शुश्रूषाशास्त्राची स्वतःची आहे. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात मॉयरा अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकात कुटुंब हा शुश्रूषेचा घटक मानणारे प्रारूप विकसित केले. त्याच परंपरेतील लॉरी गॉटलिब यांनी २०१३ साली बलस्थानाधारित शुश्रूषेची सविस्तर मांडणी केली. त्यांनी सांगितलेल्या मूल्यांत माणसाचे वेगळेपण, स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क आणि समान भागीदारी ही येतात. बालशुश्रूषेच्या दृष्टीने मात्र शिकण्याची तयारी व वेळ या मूल्याचे मोल विशेष वाटते. बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या दिवशी, टाके दुखत असताना आणि डोळ्यांत झोप मावत नसताना दिलेला अचूक सल्लाही वाया जातो, आणि तोच सल्ला दहाव्या दिवशी आईने स्वतःहून विचारला की तिला एका वाक्यात पटतो.

या दोन वाटांना बालविकासाच्या संशोधनाची जोड मिळाली. बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझल्टन यांनी १९७३ मध्ये नवजात अर्भकाच्या वर्तनाचे मूल्यमापन करणारी मोजपट्टी प्रसिद्ध केली. नवजात बाळ म्हणजे निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियांचा गोळा नव्हे, तर झोपेतून जागे होणे, आवाजाकडे वळणे, नकोसा उजेड वारंवार पडला तर त्याकडे दुर्लक्ष करणे आणि रडताना स्वतःला शांत करणे या त्याच्या क्षमता आहेत, हे त्यातून पुढे आले. याच सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठातील परिचारिका-संशोधक कॅथरिन बर्नार्ड यांनी आई व बाळ यांच्यातील देवाणघेवाण पाजताना व शिकवताना कशी घडते, हे परिचारिकेला टिपता यावे अशा मापनपद्धती तयार केल्या. बाळ संकेत देते आणि आई त्या संकेताला उत्तर देते. बलस्थान बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या जागेत सापडते, एकट्या आईत किंवा एकट्या बाळात नव्हे. ब्राझल्टन यांच्या मोजपट्टीचा वापर पुढे निदानाइतकाच संवादासाठीही होऊ लागला. आईसमोर बाळाला हाक मारायची, ते तिच्या आवाजाकडे वळते हे तिला पाहू द्यायचे आणि मग थोडा वेळ गप्प राहायचे.

प्रत्यक्ष भेटीत ही पद्धत कशी चालते, हे दूध पुरत नाही या नेहमीच्या तक्रारीवरून समजते. तीन आठवड्यांच्या बाळाची आई सांगते की पान्हा कमी पडतो आहे, आणि शेजारी बसलेली सासू वरच्या दुधाचा आग्रह धरते आहे. परिचारिका आधी पाहते. बाळ रडण्याच्या आधीच, हात तोंडाकडे नेऊ लागताच, आईने त्याला उचलले. दिवसभरात सहा किंवा त्याहून अधिक वेळा बाळाची लंगोटी ओली होते आहे, हे तिला विचारताक्षणी सांगता आले. वजन वाढते आहे. या तीन गोष्टी परिचारिका नेमक्या शब्दांत आईपुढे मांडते: “तुम्ही त्याची भूक रडण्याआधी ओळखलीत.” हे वाक्य आणि “तुम्ही छान करताय” हे वाक्य यांत मोठे अंतर आहे. दुसरे वाक्य कोणालाही म्हणता येते, म्हणून ते कोणालाच लागत नाही. पहिले त्या आईने त्या क्षणी केलेल्या कृतीविषयी आहे आणि ती कृती उद्या पुन्हा करता येते. त्यानंतर बाळ केवळ बोंड तोंडात धरते आहे असे दिसल्यास, तोंड मोठे उघडले की हनुवटी स्तनाला टेकेल असे त्याला जवळ घेण्याची एकच सूचना दिली जाते. सासूलाही वगळले जात नाही; रात्री बाळाला ढेकर काढून झोपवण्याचे काम ती करते आहे, हे त्या घराचे बळच आहे.

एका भेटीत एक किंवा दोनच सूचना, आणि त्याही आज्ञेच्या सुरात नव्हे, हा नियम केवळ या पद्धतीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या १९९३ सालच्या स्तनपान समुपदेशन प्रशिक्षणात आईला काय वाटते ते स्वीकारणे, आई व बाळ जे योग्य करीत आहेत ते ओळखून सांगणे आणि थोडीच, त्या वेळेस लागू पडणारी माहिती देणे, ही कौशल्ये शिकवली जातात. भारतातील नवजात व बालपणीच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणातही आईशी बोलण्याचा क्रम विचारा, प्रशंसा करा, सल्ला द्या आणि समजले का ते तपासा असा आहे. उपकेंद्रातील एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, हा क्रम पाठ म्हणून शिकतात. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत यांतली प्रशंसा सर्वांत आधी गळते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

महाराष्ट्रात ही संज्ञा प्रचलित नसली तरी तिच्याशी नाते सांगणारे काम मोठे आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून बाळाचे वजन, ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गाचे उपचार त्यांच्या हाती दिले गेले. तेथील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५ पर्यंत उतरला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या प्रयोगाची प्रेरणा बालमृत्यू रोखण्याची होती, बलस्थानांच्या सिद्धांताची नव्हती. तरीही कमी शिकलेली गावातली बाई हे काम करू शकते हा विश्वास त्याच्या मुळाशी होता. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत सहा गृहभेटी देतात, बाळंतपण घरी झाले असल्यास सात. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी जोडल्या गेल्या.

मराठी घरातील परंपरांना ही पद्धत लावताना विवेक लागतो. माहेरी होणारे बाळंतपण, सव्वा महिन्याची विश्रांती, आजीने केलेली मालीश, अंगाई आणि बाळाशी सतत चाललेले बोलणे ही कुटुंबाची बलस्थाने आहेत आणि ती तशी नोंदवली पाहिजेत. परंतु परंपरा म्हणून सर्वच गोष्टी बळ ठरत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवल्यास बॉट्युलिझम या, जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचा धोका असतो. गुटीमुळे पहिल्या सहा महिन्यांच्या निव्वळ स्तनपानात खंड पडतो. काजळात शिसे असू शकते. मालीशीचे महत्त्व मान्य करून मगच गुटीविषयी बोलणाऱ्या परिचारिकेचे ऐकले जाते, याउलट उंबरठ्यावरच आजीला अडाणी ठरवणाऱ्या परिचारिकेला पुढच्या वेळी गुटी लपवून ठेवलेली आढळते. म्हणजे तिला ती आढळतही नाही.

परिणामांचा पुरावा मिश्र आहे. डेव्हिड ओल्ड्स यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या कार्यक्रमात, पहिलटकरीण आणि बहुतांशी गरीब मातांकडे गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत परिचारिका जात असे. त्याच्या चाचण्या एल्मायरा, मेम्फिस व डेन्व्हर येथे झाल्या आणि एल्मायरातील कुटुंबांत १५ वर्षांनंतरही बालकांच्या छळाच्या नोंदी कमी आढळल्या. हाच कार्यक्रम इंग्लंडमध्ये २००७ पासून राबवला गेला. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भारपणातील धूम्रपान, जन्मवजन, दोन वर्षांच्या आत पुन्हा गर्भधारणा आणि बाळाच्या तातडीच्या रुग्णालय-भेटी या चार मुख्य कसोट्यांवर लाभ दिसला नाही. तेथे नेहमीची सेवाच अमेरिकेपेक्षा भक्कम असल्याने फरक पुसट झाला असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये विकसित झालेल्या दीर्घ गृहभेटींच्या कार्यक्रमावर आधारलेली ‘राइट अ‍ॅट होम’ ही चाचणी व्हिक्टोरिया व टास्मानिया येथील ७२२ स्त्रियांमध्ये झाली. २५ भेटींनंतर, मूल दोन वर्षांचे असताना, झोपेची नियमित वेळ, घरातील सुरक्षितता आणि पालकांचा मायेचा व्यवहार यांत सुधारणा दिसली. या सर्व कार्यक्रमांत अनेक घटक एकत्र असतात, त्यामुळे बलस्थानांच्या दृष्टीचा वाटा नेमका किती, हे यांतून वेगळे काढता येत नाही.

टीकाकारांचे आक्षेप दोन दिशांचे आहेत. पहिला आक्षेप गरिबीचा आहे. ओल आलेल्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची चिकाटी नोंदवून घराचा प्रश्न सोडून दिला, तर ती शुश्रूषा राहत नाही. शासनाची जबाबदारी आईच्या खांद्यावर ढकलण्याची ती सभ्य रीत होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रॉबर्ट डिंगवॉल, जॉन ईकेलार व टोपसी मरे यांनी १९८३ मध्ये ब्रिटनमधील बालसंरक्षणाचा अभ्यास करताना दाखवले, की कर्मचारी पालकांच्या वर्तनाचा शक्य तितका चांगला अर्थ लावतात आणि त्यामुळे छळ नजरेआड होऊ शकतो. या प्रवृत्तीला त्यांनी ‘आशावादाचा नियम’ म्हटले. त्या नियमाला बलस्थानांची भाषा आयतेच निमित्त पुरवू शकते.

म्हणून जोखमीची तपासणी या पद्धतीत वगळली जात नाही, तिचा सूर तेवढा बदलतो. बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असेल, ते दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले असेल, तर आईने ते वेळेवर सांगितले हे तिचे बळ मानून त्याच श्वासात दवाखान्यात न्यायचे असते. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीतही हाच कस लागतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. आधीच्या नऊ उत्तरांत आई कितीही सावरलेली दिसली, तरी या एका उत्तरावर ‘कधीही नाही’ याखेरीज दुसरी खूण असेल, तर परिचारिका वही मिटते, तिच्याशी त्याविषयी उघड बोलते आणि त्या दिवशी तिला एकटे सोडून घराबाहेर पडत नाही.