सांधेरोपणानंतर संसर्गासारखा दिसणारा त्वचेतील कर्करोग

गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदलल्यावर शस्त्रक्रियेच्या जागेभोवती कर्करोगाच्या पेशी त्वचेत पसरून जंतुसंसर्गाचा भास होणारी स्थिती. ती अतिशय विरळ आहे. कृत्रिम सांध्याभोवतीचा खरा जंतुसंसर्ग मात्र साधारण १ ते २ टक्के रुग्णांत होतो. त्यामुळे डॉक्टरांना पहिला संशय जंतूंचाच येतो, आणि तो रास्तच असतो.

कर्करोगाच्या पेशींनी त्वचेतल्या सूक्ष्म लसिकावाहिन्या (ऊतींतला द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) तुंबल्या की धावऱ्यासारखी (त्वचेच्या एका जंतुसंसर्गासारखी) लाल, गरम, पसरत जाणारी सूज येते. हे चित्र सर्वाधिक स्तनाच्या कर्करोगात दिसते. ताप बहुधा नसतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात, कधी कातडीखाली टणक गाठी लागतात. सीआरपी आणि ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे कर्करोगातही वाढतात, म्हणून त्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

खानदेशात बरेचदा 'वाटी बदलायला' (गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी) जळगाव-धुळ्याला जायचे आणि पुढची देखभाल शहादा-चोपड्याकडच्या गावी, अशी वाटणी असते. लाली दिसताच गावातच अँटिबायोटिक सुरू होते. नंतर सांध्यातले पाणी तपासले आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू सापडले नाहीत, तर ते औषधाने दबले असावेत असे मानून दुसरे, आणखी जहाल औषध दिले जाते. खरा घोळ इथेच होतो. प्रकृती स्थिर असेल तर अँटिबायोटिक किमान दोन आठवडे थांबवून पाणी काढणे अधिक भरवशाचे. दुसरी अडचण घरातली: रुग्ण म्हातारी असेल तर तिला धक्का नको म्हणून जुन्या कर्करोगाला नुसती 'गाठ' म्हटलेले असते, त्यामुळे ती डॉक्टरांनाही तेवढेच सांगते. जुनी फाइल मुलाकडून मागवावी.

निदान बायोप्सीनेच, म्हणजे त्वचेचा तुकडा काढून तपासूनच होते. एक तुकडा फॉर्मेलिन या टिकवण्याच्या द्रवात, दुसरा कल्चरसाठी निर्जंतुक डबीत कोरडा किंवा सलाइनमध्ये पाठवतात. फॉर्मेलिनमध्ये बुडालेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत. संसर्ग आणि कर्करोग एकत्रही असू शकतात.

सांध्यात जंतू नसतील आणि सांधा पक्का असेल, तर तो काढायचे कारण उरत नाही. चुकून संसर्ग ठरवला तर सांधा काढून औषधी सिमेंट भरण्याची, कित्येक आठवड्यांनी पुन्हा नवा बसवण्याची दुहेरी शस्त्रक्रिया विनाकारण वाट्याला येऊ शकते. त्वचेतला प्रसार बहुधा आजार पुढे गेल्याचे लक्षण असतो. उपचार मूळ कर्करोगावर ठरतो: स्तनाच्या काही कर्करोगांत हार्मोनविरोधी गोळ्या, इतरत्र केमोथेरपी किंवा त्या जागी रेडिएशन. त्यासाठी खानदेशातले रुग्ण छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठतात.