टर्फ म्हणजे सतरंजी नव्हे

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत एक समज पक्का बसलाय: मागचं अंगण सपाट करा, हिरवं टर्फ (प्लास्टिकचं कृत्रिम गवत) अंथरा, मुलांचं मैदान तयार. पाणी नको, देखभाल नको. यातलं काहीच खरं नाही.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट अंथरलेलं टर्फ लवकरच उंचसखल होतं. चेंडू कुठे उडेल सांगता येत नाही, पाय मुरगळतो तो वेगळाच. म्हणून आधी वरची माती उकरून काढायची, खडीचे थर टाकून रोलरने दाबायचे आणि पाणी वाहून जायला मीटरमागे साधारण १ सेंटिमीटर उतार ठेवायचा. मोठा खर्च या न दिसणाऱ्या कामाचा. स्वस्त दर ऐकलात, तर खडीचे थर किती इंच, एवढं तरी विचाराच!

देखभालही लागतेच. टर्फच्या धाग्यांमध्ये भरलेली सिलिका वाळू खेळून खेळून सरकते. ती ब्रशने सारखी करावी लागते, अधूनमधून नवी टाकावी लागते. आणि पाणी? मे महिन्याच्या दुपारी हे प्लास्टिक ६० अंशांपर्यंत तापू शकतं. नातवंडांना अनवाणी सोडण्याआधी तळहात टेकवून बघा. पाणी शिंपडलं की निवतं, पण थोडाच वेळ.