क्लायबोर्न पार्कच्या घरामागचा करार

लॉरेन हॅन्सबेरी यांचं ‘अ रेझिन इन द सन’ ११ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या एथेल बॅरीमोर थिएटरमध्ये आलं. कृष्णवर्णीय स्त्रीनं लिहिलेलं ब्रॉडवेवरचं ते पहिलं नाटक. शिकागोच्या साउथ साइडला राहणारं यंगर कुटुंब, वडिलांच्या पश्चात आलेले विम्याचे १०,००० डॉलर, त्यातले ३,५०० भरून आई लीनानं गोऱ्यांच्या क्लायबोर्न पार्कमध्ये घेतलेलं घर आणि उरलेले ६,५०० दारूच्या दुकानापायी बुडवून बसलेला मुलगा वॉल्टर, अशी ही गोष्ट. पण गोऱ्यांच्याच वस्तीत घर का? लीनाचं कारण सरळ आहे: काळ्यांसाठी लांब बांधलेली घरं दुप्पट महाग पडतात. ही महागाई मुद्दाम घडवलेली होती.

अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या काळ्या कुटुंबांना साउथ साइडच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंडण्यासाठी आधी बॉम्ब वापरले गेले. जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात शिकागोत असे ५८ स्फोट झाले. नंतर कागद आले. १९२७ मध्ये शिकागो रिअल इस्टेट बोर्डानं कराराचा नमुनाच तयार करून दिला. सही करणाऱ्या मालकानं काळ्या माणसाला घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, राहूही द्यायचं नाही. एक अष्टमांश रक्त असलं तरी माणूस काळाच धरायचा. सूट फक्त नोकर, ड्रायव्हर आणि इमारत सांभाळणाऱ्याला, तीही तळघरात किंवा मागच्या गॅरेजमध्ये राहण्यापुरती. कोंडलेल्या पट्ट्यात मग एकेका फ्लॅटचे तुकडे पाडून ‘किचनेट’ भाड्यानं जाऊ लागले. वॉल्टरचा लहान मुलगा हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो आणि बाथरूम शेजाऱ्यांबरोबर वापरावी लागते, ते यामुळेच.

लेखिकेचे वडील कार्ल हॅन्सबेरी स्वतः किचनेटच्या धंद्यातले. १९३७ मध्ये त्यांनी ६१४०, साउथ ऱ्होड्स ॲव्हेन्यू हे घर घेतलं. तिथला करार लागू व्हायला रस्त्याकडच्या एकूण लांबीपैकी ९५ टक्के लांबीच्या मालकांच्या सह्या हव्या होत्या. प्रत्यक्षात होत्या सुमारे ५४ टक्के. पण आधीच्या एका खटल्यात दोन्ही पक्षांनी ९५ टक्के मान्य केलेले असल्यानं इलिनॉयच्या न्यायालयांनी ते गृहीत धरलं आणि घर सोडण्याचा आदेश दिला. १२ नोव्हेंबर १९४० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला, मात्र निव्वळ प्रक्रियेच्या मुद्द्यावर: ज्या खटल्यात आपण पक्षकार नव्हतो आणि आपली बाजूही कुणी मांडली नाही, त्याचा निकाल आपल्याला बांधत नाही. असे करार वैध की अवैध, हा प्रश्न बाजूलाच राहिला. दरम्यान घरावर दगडफेक होत होती आणि लॉरेनची आई रात्रभर भरलेलं पिस्तूल घेऊन पहारा देत होती.

असे करार न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असं १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात ठरलं. नाटकात क्लायबोर्न पार्कच्या गोऱ्या रहिवाशांच्या असोसिएशनतर्फे यंगरांकडे येणारा कार्ल लिंडनर इथेच नीट समजतो. त्याच्या हाती कोर्टाचा आदेश नाही, म्हणून तो पैसे घेऊन येतो: दिलेल्यापेक्षा जास्त देतो, घर परत करा. त्याच लिंडनरला ब्रूस नॉरिस यांनी २०१० च्या ‘क्लायबोर्न पार्क’ या नाटकात त्याच घरात, ते विकणाऱ्यांसमोर उभं केलं.

लिंडनरची भाषा मवाळ असल्यामुळे १९५९ मध्ये अनेकांना नाटकाचा शेवट सुखाचा वाटला. त्याला संहितेतली काटछाटही कारणीभूत आहे. शेजारीण मिसेस जॉन्सन पेपर घेऊन येते, त्यात काळ्या कुटुंबाला बॉम्ब टाकून घराबाहेर काढल्याची बातमी असते. हा प्रवेश पहिल्या प्रयोगांत गाळला होता. आठच वर्षांपूर्वी, १९५१ मध्ये, शेजारच्या सिसेरोत एका काळ्या कुटुंबानं भाड्यानं घेतलेला फ्लॅट जमावानं उद्ध्वस्त केला होता आणि नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) बोलवावे लागले होते. पुढे संपूर्ण संहितेत तो प्रवेश परत आला. प्रयोग लांबतो म्हणून आजही तोच आधी कापला जातो, तो ठेवावा. त्याच्याशिवाय शेवटी नव्या घराकडे निघालेले यंगर कशाला सामोरे जाणार आहेत, ते प्रेक्षकाला कळतच नाही.